एसटीआय (संबंधातून पसरणाऱ्या इन्फेक्शनच्या) टेस्टला उशीर झालाय? आधी तारीख लिहा, लॅब नंतर शोधा

लॅबच्या कलेक्शन काउंटरवर बसलं की दोन टोकांची माणसं सारखी समोर येतात. एकाचा शनिवारी रात्री कंडोमशिवाय संबंध झालेला असतो आणि सोमवारी सकाळी शटर वर जायच्या आधीच तो दारात उभा असतो, रिपोर्ट निगेटिव्ह आला की सुटलो म्हणून मोकळा होतो. दुसऱ्याच्या संबंधाला दीड वर्ष झालेलं असतं, तेवढ्या वेळात त्याने गूगलवरची सगळी लक्षणं पाठ केलेली असतात, पण टेस्टला काही येत नाही कारण "आता उशीर झाला, आता काय उपयोग". गंमत अशी की पहिल्याच्या रिपोर्टला जवळपास काहीच अर्थ नसतो आणि दुसऱ्याला एका फेरीत बहुतेक सगळी पक्की उत्तरं मिळणार असतात, फक्त ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

उशिराने टेस्ट बिघडत नाही. रक्तात अँटिबॉडी (इन्फेक्शनशी लढायला शरीर जे बनवतं ते, बऱ्याच टेस्ट तेच शोधतात) बनायला वेळ लागतो, त्यामुळे जितके जास्त दिवस उलटले तितका निगेटिव्ह रिपोर्ट भरवशाचा. उशिराचा खरा तोटा म्हणजे इन्फेक्शन असलंच तर ते आत गुपचूप काम करत राहतं आणि पार्टनरला जातं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तोच ठेवा. बहुतेक लोक तिसऱ्या पायरीपासून सुरू करतात आणि मग चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट करून बसतात. औषधांचे डोस मी लिहिणार नाही, मी सॅम्पल घेणारा माणूस, ते डॉक्टरचं काम.

पायरी ० : तुम्ही घाईवाल्यांत बसता का ते बघा

चार परिस्थितींत वाट बघायची नाही, बाकी लेख नंतर वाचा.

संबंध होऊन ७२ तास झाले नसतील, कंडोम नव्हता किंवा फाटला, आणि समोरच्याचं एचआयव्ही स्टेटस पॉझिटिव्ह आहे किंवा माहीतच नाही. अशा वेळी पीईपी नावाचं औषध मिळतं, लोक पेप म्हणतात. २८ दिवस रोज घ्यायचं असतं आणि जितकं लवकर सुरू तितकं चांगलं, म्हणजे ७२ तासांची मुदत आहे म्हणून ७०व्या तासाला जायचं असं नाही. रात्र असेल तर मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि सरळ "एचआयव्हीसाठी पेप हवंय" असं म्हणा, कारण नुसतं "चेकअप करायचाय" म्हटलं तर उद्या ओपीडीला या असं सांगतात आणि अख्खा दिवस जातो.

लघवीच्या जागी जखम, फोड, पू, लघवीला जळजळ, जांघेत अवधाण, किंवा बाईच्या ओटीपोटात दुखून ताप. इथे दिवस मोजत बसू नका. जखम ओली आहे तोवर डॉक्टरने बघितली तर निदान सोपं जातं, फोड सुकला की त्याचा स्वॅब घेऊन फारसं काही हाती लागत नाही.

गरोदर असाल, किंवा दिवस राहिल्याची शंका असेल. सिफिलिस आणि एचआयव्ही बाळाला जाऊ शकतात आणि वेळेत कळलं तर बाळाला वाचवता येतं, त्यामुळे आजच डॉक्टरशी बोला.

आणि जबरदस्ती झाली असेल तर. कुठल्याही हॉस्पिटलने, सरकारी असो की खासगी, पहिले उपचार फुकट द्यायचे असा कायदा आहे, आधी पोलिसांत जाऊन या असं ते म्हणू शकत नाहीत.

> थांबा: मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. अर्धवट डोसने पू थांबतो, टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, जंतू मात्र तिथेच असतो. गनोरिया (परमा) तर पूर्वी ज्या गोळ्यांना बरा व्हायचा त्यातल्या बऱ्याच गोळ्यांना आता दाद देत नाही.

पायरी १ : कागदावर सहा गोष्टी

मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल, पण लिहा. डॉक्टरसमोर बसल्यावर घशाला कोरड पडते आणि निम्मं सांगायचं राहतं.

१. शेवटच्या संबंधाची तारीख. शेवटच्या, बरं का. लोक ज्या रात्रीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते तिथून मोजतात आणि त्यानंतरचे दोन संबंध धरतच नाहीत, कारण "ती तर ओळखीची होती".

२. नक्की काय झालं. योनीमार्गे, गुदमार्गे, की ओरल. हे लिहायला लाज वाटते, मान्य, पण कुठल्या जागेचं सॅम्पल घ्यायचं ते यावरच ठरतं. ओरलमध्ये एचआयव्हीची शक्यता फारच कमी, पण गनोरिया, सिफिलिस, हर्पीस यांना ओरल पुरतं.

३. कंडोम होता का, पूर्ण वेळ होता का, मध्येच काढला का.

४. काही लक्षण आलं होतं का आणि कधी, गेलं असलं तरी लिहा. "एक फोडासारखं आलं होतं, दुखत नव्हतं, आपोआप गेलं" हे वाक्य ऐकलं की अनुभवी डॉक्टरचे कान टवकारतात. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत काही न करता भरून येते, रोग मात्र आत राहतो.

५. गेल्या महिन्याभरात घेतलेली अँटिबायोटिक, मग ती दाढेसाठी का असेना.

६. हिपॅटायटिस बी ची लस झालीये का. माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहा, अंदाजे "झाली असेल" नको.

कायमचा पार्टनर असेल आणि संबंध चालू असतील तर तारीख रोज पुढे सरकते. अशा जोडप्याने तारखा मोजण्यापेक्षा दोघांनी एकदम टेस्ट करावी, आणि तीन महिने होईपर्यंत कंडोम.

पायरी २ : दिवस मोजा

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा शांतपणे वाचा. इन्फेक्शन शिरल्यापासून ते टेस्टमध्ये दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला विंडो पिरियड म्हणतात. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्यावर विसंबायचं नाही. आणि हा वेळ प्रत्येक रोगाचा वेगळा असतो, इतकंच नाही तर एकाच रोगाच्या दोन टेस्टचा पण वेगळा असतो.

क्लॅमिडिया आणि गनोरिया: पीसीआर टेस्ट (लघवीत किंवा स्वॅबमध्ये थेट जंतूच शोधते), साधारण २ आठवड्यांनी केली की भरवशाची.

एचआयव्ही: हातातल्या शिरेतून रक्त काढून लॅबच्या मशीनवर केलेली फोर्थ जनरेशन टेस्ट (अँटिबॉडी आणि अँटिजेन म्हणजे व्हायरसचा अंश, दोन्ही शोधते) असेल तर ४५ दिवस. बोट टोचून केलेली रॅपिड असेल तर ९० दिवस धरा. म्हणजे सात आठवडे पूर्ण झाल्यावर दोन मित्र गेले, एकाने लॅबची फोर्थ जनरेशन केली, दुसऱ्याने रॅपिड केली, दोघेही निगेटिव्ह, तर पहिल्याचं एचआयव्हीपुरतं उत्तर पक्कं झालं आणि दुसऱ्याला ९० दिवसांनंतर परत यायचंय.

सिफिलिस: ६ आठवड्यांनी एकदा, ३ महिन्यांनी पक्की.

हिपॅटायटिस बी: एचबीएसएजी नावाची टेस्ट, ६ आठवड्यांनी बऱ्याचदा दिसतं, ३ महिन्यांनी पक्कं. हिपॅटायटिस सी ची अँटिबॉडी साधारण ३ महिन्यांनी, क्वचित कोणाला त्याहून जास्त वेळ लागतो.

मग तुमची तारीख कुठे पडते ते बघा. २ आठवडेही झाले नसतील तर आज फक्त "बेसलाइन" करता येते, म्हणजे आधीपासून काही होतं का एवढंच कळतं, या वेळचं नाही. २ ते ६ आठवड्यांच्या मध्ये असाल तर पीसीआर करून घ्या, रक्ताच्या टेस्ट पुढे ढकला. ६-७ आठवडे होऊन ४५ दिवस भरले असतील तर सगळं करा आणि ३ महिन्यांनी सिफिलिस, हिपॅटायटिस परत. आणि ३ महिने उलटून गेले असतील, ६ महिने, वर्ष, कितीही, तर तुम्हीच ते "उशीर झालेले" ना? तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. एकदा जायचं, सगळं एकदम करायचं.

फक्त एक फरक. वर्षभराहून जुनी गोष्ट असेल तर सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही नेहमीची रक्ताची टेस्ट नुसती पुरत नाही, जुन्या सिफिलिसमध्ये ती निगेटिव्ह येऊ शकते. सोबत टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी टेस्ट मागा.

> थांबा: पेप घेतलं असेल तर एचआयव्हीचे दिवस संबंधाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, शेवटच्या गोळीपासून मोजायचे. पेप देणारा डॉक्टर तारखा लिहून देतो, तो कागद जपून ठेवा.

> तपासून घ्या: कॅलेंडरवर दोन तारखा टाकल्या का, टेस्टची आणि गरज असेल तर रिपीटची? रिपीटची तारीख आत्ताच टाका. पहिली निगेटिव्ह आली की दुसरीला कोणी फिरकत नाही.

पायरी ३ : पुण्यात जायचं कुठे

रस्ते तीन.

पहिला, सरकारी आयसीटीसी. पाटीवर "एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र" असं लांबलचक लिहिलेलं असतं. ससूनला आहे, औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे, पिंपरीत संत तुकारामनगरच्या वायसीएममध्ये आहे. एचआयव्ही टेस्ट फुकट, आधी काउन्सेलर बोलतो, नंतर पण बोलतो. जवळचं केंद्र शोधायचं असेल किंवा नुसतं कोणाशी तरी बोलायचं असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. सरकारी ठिकाणी जायचं तर सकाळी लवकर, दुपारचं जेवण उरकून गेलात तर बहुतेक उद्याच यावं लागेल.

त्याच मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत बाकी लैंगिक आजारांसाठी वेगळं क्लिनिक असतं, सुरक्षा क्लिनिक म्हणतात. तिथे लक्षणं बघून रंगीत पाकिटातलं औषधाचं किट फुकट देतात, पू येत असेल तर राखाडी, फोडांसाठी लाल, असं. हे लक्षण असलेल्यांसाठी उत्तम, पण लक्षण काहीच नाही आणि नुसती टेस्टच हवीये तर क्लॅमिडियाची पीसीआर तिथे होईलच असं धरून जाऊ नका, आधी विचारा.

दुसरा रस्ता, खासगी डॉक्टर. पुरुषांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. केस गळतीचा डॉक्टर याचं काय बघणार असं वाटतं, पण त्यांच्या पदवीतच व्हेनेरिऑलॉजी म्हणजे हेच आजार असतात. बायकांनी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. तिथे पहिला प्रश्न "लग्न झालंय का?" हा येतो, त्याचा अर्थ बऱ्याचदा "संबंध आलेत का?" एवढाच असतो. "लग्न नाही झालेलं, पण संबंध आलेत" असं एका वाक्यात सांगून टाका, नुसतं "नाही" म्हटलंत तर अर्ध्या टेस्ट लिहिल्याच जात नाहीत. डॉक्टरने प्रवचन सुरू केलं तर दुसरा डॉक्टर बघा, शहरात तुटवडा नाही.

स्वारगेटच्या मुतारीत नाहीतर लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीतले "गुप्तरोग तज्ज्ञ" यांच्याकडे मात्र जाऊ नका, ते टेस्ट करतच नाहीत, थेट महागडी भुकटी हातात देतात.

तिसरा, थेट खासगी लॅब. चालतं, पण मग कुठली टेस्ट हे तुम्हाला माहीत हवं, ते पुढच्या पायरीत. एचआयव्हीसाठी संमतीच्या फॉर्मवर सही घेतात, घाबरू नका, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही आणि रिझल्ट दुसऱ्याला सांगता येत नाही.

> तपासून घ्या: लॅबमध्ये मोबाईल नंबर कुणाचा नोंदलाय? हा प्रकार फार होतो. आईची शुगर, बाबांचं थायरॉइड सगळं त्याच लॅबमध्ये झालेलं, कुटुंबाचं एकच अकाउंट, आणि तुमचा व्हीडीआरएल रिपोर्ट पीडीएफ होऊन थेट बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. काउंटरवर पैसे भरायच्या आधी विचारा, नंबर आणि ईमेल बदलून घ्या, नाहीतर सरळ दुसरी लॅब. कोथरूडचा माणूस पिंपरीला जाऊन टेस्ट करतो ते काही उगाच नाही, इथे कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच.

पायरी ४ : चिठ्ठीवर काय लिहिलेलं हवं

"फुल बॉडी चेकअप" करून आलो, सगळं नॉर्मल, असं सांगणारे खूप. ती यादी उघडून बघा, कोलेस्टेरॉल असतं, व्हिटॅमिन डी असतं, यातलं बहुतेक काहीच नसतं. तसंच एचआयव्ही निगेटिव्ह म्हणजे सगळंच निगेटिव्ह असंही नाही, ती एकाच रोगाची टेस्ट आहे.

साधारण अशी यादी हवी: एचआयव्ही फोर्थ जनरेशन (काउंटरवर "अँटिजेन-अँटिबॉडी दोन्ही ना?" असं विचारा), व्हीडीआरएल आणि टीपीएचए, एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी ची), आणि क्लॅमिडिया-गनोरियाची पीसीआर. रक्ताच्या टेस्ट त्यामानाने स्वस्त, पीसीआर महाग, म्हणून लोक तीच गाळतात. पण क्लॅमिडिया हाच आजार असा आहे की बहुतेकांना, बायकांना तर जास्तच, काही लक्षण देत नाही आणि आत गर्भनलिकांचं नुकसान करून ठेवतो, मग पुढे मूल राहत नाही म्हणून शोधाशोध सुरू होते. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

पीसीआर कुठल्या सॅम्पलवर? पुरुषांची लघवी. बायकांचा योनीतला स्वॅब, लघवीपेक्षा त्यात जास्त नीट पकडलं जातं. गुदमार्गे संबंध असेल तर गुदाचा स्वॅब, ओरल असेल तर घशाचा. घशातला गनोरिया लघवीत दिसत नाही, आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचं इन्फेक्शन नुसती लघवी तपासल्यामुळे बऱ्याचदा सुटतं. सगळ्या लॅब हे स्वॅब घेत नाहीत, फोन करून विचारा.

आता काय नको ते. हर्पीसची आयजीएम टेस्ट नको, तिचा भरवसा नाही, आणि फोड नसताना नुसत्या काळजीपोटी हर्पीसची रक्ततपासणी केली तर उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त मिळतात. टॉर्च पॅनल (गरोदरपणात करतात तो टेस्टचा संच) नको, ते यासाठी नाहीच. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा व्हायरस) रक्ताची टेस्ट नसते, बायकांनी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करायची ती वेगळी गोष्ट आणि ती जरूर करा. आणि दहा-बारा जंतूंची मोठ्ठी पीसीआर पॅनल लॅबवाले प्रेमाने सुचवतात, त्यात युरियाप्लाझ्मा पॉझिटिव्ह आलं की माणूस हवालदिल होतो. युरियाप्लाझ्मा कितीतरी निरोगी माणसांत असतोच, लक्षण नसेल तर बहुतेक वेळा त्याला औषधही लागत नाही. मी लॅबमध्ये काम करूनही सांगतो, ती पॅनल डॉक्टरने सांगितली तरच करा.

काउंटरवर किंवा डॉक्टरसमोर तोंड उघडत नसेल तर हे वाचून दाखवा: "अमुक तारखेला कंडोमशिवाय संबंध झाला, आता लक्षण काही नाही, मला एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस आणि क्लॅमिडिया-गनोरिया सगळ्याची टेस्ट करायचीये." बस्स. गोष्ट सांगायची गरज नाही, मित्राचं नाव पुढे करायची तर अजिबात नाही, "मित्रासाठी विचारतोय" हे आम्ही रोज ऐकतो.

> थांबा: टेस्ट फुकट होईल म्हणून रक्तदान करू नका. हे खरंच होतं, गणपतीत मंडळाचं शिबिर असलं की कोणीतरी हा शहाणपणा सुचवतो. ब्लड बँक एचआयव्ही, हिपॅटायटिस, सिफिलिस तपासते हे खरं, पण तुम्ही विंडो पिरियडमध्ये असलात तर तुमचं रक्त निगेटिव्ह दिसून दुसऱ्याला चढवलं जाऊ शकतं. तिथला फॉर्म खरा भरा, नाहीतर जाऊच नका.

पायरी ५ : सॅम्पलच्या दिवशी

उपाशी यायची गरज नाही. कितीतरी लोक रात्रीपासून उपाशी येतात, आधीच टेन्शन, त्यात पोट रिकामं, आणि सुई बघून चक्कर. नाश्ता करून या.

लघवीचं मात्र नीट ऐका. तुम्हाला आजवर सगळ्यांनी शिकवलंय की सुरुवातीची सोडायची आणि मधली धरायची. ते साध्या लघवी तपासणीला आणि कल्चरला. क्लॅमिडिया-गनोरियाच्या पीसीआरला बरोब्बर उलटं, सुरुवातीचीच धार हवी, २० ते ३० मिली, बास. डबा काठोकाठ भरला तर जंतू पातळ होऊन निसटू शकतो. आधी कमीत कमी तासभर, दोन तास झाले तर आणखी चांगलं, लघवीला जायचं नाही. म्हणजे घरून निघताना "एकदा जाऊन येऊ" ही सवय त्या दिवशी आवरा, आणि हिंजवडीहून येत असाल तर ट्रॅफिकचा हिशोब करून निघा. त्या आधी ती जागा साबणाने किंवा वाइप्सने पुसायची नाही.

लघवीचं साधं रुटीन आणि कल्चर नॉर्मल आलं म्हणून क्लॅमिडिया नाही असं होत नाही, तो त्या साध्या कल्चरमध्ये उगवतच नाही.

अँटिबायोटिक चालू असेल तर काउंटरवर सांगा आणि डॉक्टरला विचारून पीसीआर पुढे ढकला. रक्ताच्या टेस्टना सहसा अडचण येत नाही.

> तपासून घ्या: डब्यावर आणि नळीवर तुमचंच नाव, वय बरोबर आहे का? दोन सेकंदांचं काम आहे, समोरच करून घ्या.

पायरी ६ : मधले दिवस

इथे फार काही लिहिण्यासारखं नाही. संबंध नको, नाहीतर कंडोम. रक्तदान नको. दर आठवड्याला "एकदा करून बघू" म्हणून परत एचआयव्ही टेस्ट नको, विंडो संपायच्या आधीच्या चार टेस्ट मिळून एक पक्की टेस्ट होत नाही. आरशासमोर टॉर्च लावून घसा बघणं बंद करा, रोज बघितलं तर घसा लाल दिसतोच. एचआयव्हीचा सुरुवातीचा ताप २ ते ४ आठवड्यांनी येऊ शकतो हे खरं, पण तसाच ताप पुण्यात पावसाळ्यात निम्म्या सोसायटीला असतो, त्यावरून काही ठरत नाही.

झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, सगळ्या टेस्ट वेळेत निगेटिव्ह येऊनसुद्धा खात्री पटत नसेल तर आणखी टेस्ट करून ते थांबणार नाही, काउन्सेलरशी बोला. आयसीटीसीतला काउन्सेलर या बाबतीत चांगला, कारण त्याने तुमच्यासारखे शेकडो ऐकलेले असतात.

पायरी ७ : रिपोर्ट वाचताना

एचआयव्हीच्या रिपोर्टवर आकडा असतो, ०.१८ किंवा ०.४२ असं काहीतरी. लोक रात्री दोन वाजता विचारतात की शून्य का नाही. शेजारी कट-ऑफ छापलेला असतो, बहुतेक मशीनवर १. त्याच्या खाली सगळं नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, ०.४२ म्हणजे "थोडासा एचआयव्ही" असं काही नसतं.

"रिअ‍ॅक्टिव्ह" आलं तरी ते शेवटचं उत्तर नाही. सरकारी पद्धतीत एकाच रक्तावर वेगवेगळ्या प्रकारच्या तीन टेस्ट करून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगीत एक टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली तर कोणालाही काही सांगायच्या आधी आयसीटीसीत जाऊन पक्कं करून घ्या.

व्हीडीआरएल कमी आकड्याला पॉझिटिव्ह, १:२, १:४, आणि टीपीएचए निगेटिव्ह, असं आलं तर ते खोटं पॉझिटिव्ह असू शकतं, गरोदरपणात, मलेरियात, काही संधिवाताच्या आजारांत असं होतं. पण अगदी ताज्या सिफिलिसमध्येही असं दिसू शकतं, म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी परत करायला सांगतात. उलट टीपीएचए पॉझिटिव्ह आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह म्हणजे एकतर पूर्वी उपचार झालेला सिफिलिस किंवा जुना, उपचार न झालेला. कुठला ते तुमच्या पहिल्या पायरीच्या कागदावरून ठरतं.

एचबीएसएजी निगेटिव्ह आणि लस झालेली नाही? मग टेस्टला आलाच आहात तर लस सुरू करा, तीन डोस, ०, १ आणि ६ महिने.

पायरी ८ : पॉझिटिव्ह आलं तर

क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस हे तिन्ही बरे होतात. सिफिलिसला पेनिसिलिनचं इंजेक्शन, कमरेत, दुखतं. त्या रात्री थंडी वाजून ताप आला तर तो बहुतेक वेळा जंतू मरत असल्यामुळे येतो आणि दिवसभरात उतरतो, पण डॉक्टरला फोन करून सांगा. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र ती अ‍ॅलर्जी असू शकते, लगेच हॉस्पिटल गाठा.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आला आणि तो नव्याने झालेला असेल तर मोठ्या माणसांत बहुतेकांचं शरीर तो स्वतःच घालवतं, ६ महिन्यांनी परत तपासतात, तोवर लिव्हरवाल्या डॉक्टरकडे नाव लावून ठेवा आणि दारू बंद. एचआयव्ही पक्का झाला तर एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचाराचं सरकारी केंद्र) औषध फुकट मिळतं, आणि रोज घेऊन व्हायरस रक्तात सापडेनासा झाला, तसाच टिकला, की संबंधातून दुसऱ्याला जात नाही.

नंतर ज्या तीन चुका होतात त्या अशा.

पार्टनरला न सांगणं. तुम्ही गोळी घेतलीत, त्याने किंवा तिने नाही, पंधरा दिवसांत परत तेच इन्फेक्शन. तोंडाने जमत नसेल तर मेसेज करा: "माझी क्लॅमिडियाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, औषध चालू आहे. तुलाही असू शकतं, लक्षण नसलं तरी टेस्ट करून घे." कोणामुळे कोणाला झालं हे टेस्टवरून कळत नाही, त्यामुळे त्या भांडणात शिरू नका.

लवकर संबंध. एका डोसचं औषध असेल तरी त्यानंतर ७ दिवस नाही, आणि पार्टनरचा उपचार होईपर्यंत नाही.

चुकीच्या वेळी परत टेस्ट. औषधानंतर दहाव्या दिवशी पीसीआर केली तर मेलेल्या जंतूंचे अवशेष पकडले जातात आणि औषध लागू पडलं नाही असं वाटतं. ४ आठवड्यांच्या आत नको. क्लॅमिडिया-गनोरियाला ३ महिन्यांनी परत करा, तेव्हा नव्याने झालंय का ते कळतं. घशाचा गनोरिया असेल तर डॉक्टर त्याआधीही बोलावतो, त्याने सांगितलेल्या दिवशी जा. सिफिलिसला व्हीडीआरएलचा आकडा खाली येतो का ते बघतात, १:३२ चा १:८ झाला की औषध लागू पडतंय, आणि त्यासाठी दर वेळी तीच लॅब, तीच टेस्ट हवी, एकदा व्हीडीआरएल आणि एकदा आरपीआर (तशीच दुसरी टेस्ट) असं केलं तर आकडे जुळवता येत नाहीत. टीपीएचए तर बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते, बरं झाल्यावरही. जुना रिपोर्ट आणि इंजेक्शनची चिठ्ठी फाइलला लावून ठेवा, पाच वर्षांनी नव्या डॉक्टरने विचारलं की हाच कागद दाखवायचा.